दूध गरम होत असताना मी गप्प होतो

मित्रांनो, मी एक जुना पिसणारा आहे. नाव ऐकून हसू नका. पत्ते पिसतात ना, तसे मी आणि माझा जुळा भाऊ आवाजाचे तुकडे पिसायचो. बाळाची खोली घराच्या पार दुसऱ्या टोकाला; तिथलं रडणं स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून तो बाळाच्या खोलीतल्या छोट्या बिनतारी डब्यात आणि मी स्वयंपाकघरातल्या डब्यात. आता आम्ही काचेच्या कपाटात पडून असतो. कुणी समोरून गेलं की वाटतं, काच जरा मळलेली असती तर बरं झालं असतं.

मला घडवलं एका आईने. अशी यंत्रं बनवणं हे तिचं कामच होतं. बाळ मांडीवर झोपलं की एका हाताने ते थोपटत, दुसऱ्या हाताने ती आमची रचना संगणकावर मांडायची. हवेतून येताना आवाजाचे तुकडे मध्येच पुसले जातात. आमच्या डब्यात एक दुरुस्त्या असतो. ओळीतला एखादा तुकडा गेला तर बाकीच्यांवरून तो ओळखतो, पण एकाच ओळीतले बरेच गेले की हात टेकतो. म्हणून भाऊ तुकडे आडव्या ओळींत भरायचा आणि उभ्या रांगांनी पाठवायचा. वाटेत घाला पडला तरी प्रत्येक ओळीचं थोडंथोडंच जायचं. मी इकडे सगळं पुन्हा जागेवर लावायचो. आणि जे जुळणार नाही ते वाजवायचंच नाही, उगाच खरखर नको, असंही आईने शिकवलं होतं.

आईने आम्हाला हाताने झाकून पाहिलं, मध्ये फोन वाजवून पाहिले. आवाज स्वच्छ! बाबा म्हणाले, "अगं, यात तर आपली लेक रडत नाही, गाते!" मी अगदी फुलून गेलो.

आई कामावर जाऊ लागली आणि बाळाची आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, राहायला आल्या. बाळ उठायच्या सुमारास त्या मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करत. मी त्यांच्या शेजारीच असायचो.

एक दिवस आई लवकर घरी आली. खोलीत बाळ रडून लालबुंद झालेलं आणि आजी ओट्याशी उभ्या.

"आई, केव्हाची रडतेय ही! तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"अगं, तुझा डबा तर गप्प आहे."

"डबा मी केलाय, आई. तो ठीक आहे."

पुन्हा एकदा तसंच झालं. मग आई बाबांना म्हणाली, "त्यांना कमी ऐकू येतंय. पाळणाघर बघूया." भिंतीपलीकडे आजींनी ते ऐकलं. कान चांगले होते ना त्यांचे!

त्यानंतर त्या घड्याळ कानाशी धरून टिकटिक ऐकत बसायच्या. एका कानाशी, मग दुसऱ्या. आणि सुट्टीच्या दिवशी त्यांनी बॅग काढली. "मी जाते. उद्या बाळाला काही झालं आणि मला कळलंच नाही तर?"

त्या कपडे भरत होत्या म्हणून दूध गरम करायला आई आली. एवढ्यात बाबा बाळाला घेऊन धावत आले. "अगं, ही टाहो फोडतेय! तुला ऐकू येत नाही का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प.

"हिला परत आत घेऊन जा."

"रडत्या पोरीला?"

"जा ना रे!"

मायक्रोवेव्ह चालू, मी मुका. बंद केला, की बाळाचा टाहो लख्ख.

आईच्या लक्षात आलं. मायक्रोवेव्ह सलग त्रास देत नव्हता, ठरावीक अंतराने टोले देत होता, आणि ते अंतर नेमकं आमच्या उभ्या रांगेइतकं होतं. त्यामुळे प्रत्येक टोला त्याच त्या ओळींवर बसायचा. नुकसान विखरणं हे आमचं काम, आणि मी ते इमानेइतबारे गोळा करून एका जागी ठेवत होतो. आईने एवढ्या परीक्षा घेतल्या, पण दूध गरम करताना एकदाही नाही.

ती आजींच्या खोलीत गेली. "आई, तुमचे कान ठणठणीत आहेत. माझी रचना चुकली. आणि मी बोलले ते तर..."

आजींनी हातातली घडी तशीच धरली. "म्हणजे मला खरंच ऐकू येतं?"

मित्रांनो, रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं.

आजी राहिल्या. आईने नवा पिसणारा केला, मुद्दाम वेड्यावाकड्या उड्या मारणारा. त्याला कुठल्याच तालात पकडता येत नाही. त्याचं काम चोख आहे, हे मी कपाटातून रोज पाहतो.

यंत्रं पुसून ठेवा, आपटू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो, की यंत्र एक सांगत असेल आणि घरातलं माणूस दुसरं, तर आधी यंत्र उघडा. आमची रचना बदलता येते. आजी मात्र अजूनही दूध अर्धवट ठेवून बाळाच्या दाराशी जातात, आणि आत सगळं शांत असलं की त्यांचा चेहरा घाबरा होतो.