सुप्याची किल्ली

सागवानाच्या लिलावाच्या आदल्या दिवशी दुपारी जगलबेटच्या बाजूने एक छकडा आला आणि सुप्याच्या बँकेपुढे थांबला. त्यातून इन्स्पेक्टर रामचंद्रराव उतरले. बाबुरावांनी त्यांना खिडकीतून पाहिलं. चौदा महिन्यांत वरचा एकही साहेब इकडे फिरकला नव्हता, आणि आला तो नेमका कागद घरात असताना.

बाबुराव हे घाटमाथा बँकेचे सुप्याचे एजंट. बँक म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, बेळगावहून बैलांनी ओढून आणलेली लोखंडी तिजोरी आणि माणसं तीन: एजंट बाबुराव, खजिनदार वासू आणि शिपाई कान्हू. सागवानाचे ठेकेदार होते म्हणून इथे बँक होती. बाकी सगळा मुलूख रानाचा आणि हिवतापाचा. आधीचे एजंट दुसऱ्या वर्षीच तापाने गेले. बँकेने त्यांच्या बायकोला दुखवट्याचं पत्र धाडलं आणि चौदा महिन्यांपूर्वी त्या जागेवर बाबुरावांना बसवलं.

साल एकोणतीस. बँकेच्या कारकुनांनी आपला संघ काढला, त्याला दोन वर्षं झाली होती. एजंट आणि इतर अधिकारी तसं काही बोलले की मुख्य कचेरी हसून म्हणे, तुम्ही तर बँकेचे हात, हातांनी कसला संघ काढायचा? पण खानापूरचे एजंट गोपाळ यांनी मनावर घेतलं. मागण्या तीनच लिहिल्या होत्या. तापाच्या ठाण्यावर एका पावसाळ्यापेक्षा जास्त कुणाला ठेवू नये. अधिकारी आजारी पडला तर आठ दिवसांत बदली माणूस द्यावा. चौकशीवाचून कुणाला काढू नये. मुंबईच्या सरकारी कचेरीत संघ नोंदवायचा तर अर्जावर सात सह्या लागत. सहा झाल्या होत्या. बाकीच्यांनी घाबरून हात वर केले होते. सातवी सही राहिली होती बाबुरावांची. कान्हू लोंढ्याला डाक आणायला गेला, तेव्हा गोपाळांनी अर्ज त्याच्या हाती दिला होता. सही झालेला कागद उद्या संध्याकाळपर्यंत लोंढ्याच्या स्टेशनात पोचायला हवा होता. तिथून गोपाळ मुंबईची गाडी धरणार होते.

कागद दोन दिवस घरात होता आणि बाबुरावांनी सही केली नव्हती. कारण आत खाटेवर तारा पडली होती. बायकोचा ताप तीन आठवडे हटत नव्हता. आधी ती उठून चूल तरी पेटवायची. गेले पाच दिवस उठून बसवत नव्हतं. सही केली तर बँक आपल्याला सुप्यातच कुजवणार, हे बाबुरावांना दिसत होतं.

रामचंद्ररावांनी पाय धुतले, चहा घेतला आणि वासू बाहेर गेल्यावर सावकाश बोलायला सुरुवात केली.

"वहिनींची तब्येत कशी आहे?"

"बरी नाही."

"ऐकलंय मी." त्यांनी खिशातून एक लखोटा काढून टेबलावर ठेवला. "तुमची बेळगावला बदली. सही झालीय. तारीख तेवढी कोरी आहे. उद्या दुपारी मी परत निघतो. वहिनींना माझ्या छकड्यातून लोंढ्याला नेईन, रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवीन. तुम्ही बदली माणूस आला की मागून या."

बाबुरावांनी लखोट्याला हात लावला नाही.

"कागद तुमच्याकडे आलाय, बाबुराव. तेवढा मला द्या."

"आणि नाही दिला तर?"

"तर काय? छकडा बँकेच्या कामाचा आहे. त्यात खाजगी माणसं मी कशी बसवू?"

हे ते इतक्या गोड आवाजात म्हणाले, की बाबुरावांना अर्थ कळायला क्षणभर लागला. लिलावाच्या आठवड्यात सुप्यात दुसरी गाडी मिळणं शक्य नव्हतं. गावातली झाडून सगळी जनावरं लाकूड ओढायला गेली होती. आणि गाडी मिळाली असती तरी बाबुराव कुठे हलू शकत होते? तिजोरीला दोन किल्ल्या. एक वासूकडे, एक त्यांच्याकडे. एजंटाने किल्ली घेऊन गाव सोडलं तर गुन्हा, आणि दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हाती दिल्या तर त्याहून मोठा गुन्हा. बदली माणूस येऊन किल्ली घेईपर्यंत हलायचं नाही. बदली माणूस मागायला त्यांनी मुख्य कचेरीला चार पत्रं घातली होती. चारींना एकच उत्तर: योग्य वेळी विचार होईल.

"सकाळी सांगतो," बाबुराव म्हणाले.

दिवेलागणीला ते ताराजवळ पेजेची वाटी घेऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मला नेईल म्हणतो?"

"हो. कागद दिला तर."

"आणि गोपाळभावजींना काय सांगणार?"

"काही सुचत नाही, तारा. मला तू हवी आहेस. संघ पुन्हा कधीतरी होईल."

तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "तुमचा तो नियम कुठला हो? चार पत्रांत चारदा लिहिलात तो. मला पाठ झालाय."

"बावीस. एजंट आजारी पडला आणि बदली माणूस नसला, तर जागेवर हजर असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पोच देऊन किल्ली ताब्यात घ्यावी. आणि बदली माणूस येईपर्यंत ठाणं सोडू नये. पण वरिष्ठ इथे असतो कोण?"

"आज आहे की. ओट्यावर बसून कान्हूची कोंबडी खातोय." तिला हसू आलं, त्याबरोबर खोकलाही आला. "आणि उद्या तुमच्या हिवाचा दिवस ना?"

बाबुरावांच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांनाही ताप होताच, एकाआड एक दिवसाचा. त्या दिवशी दहाच्या सुमाराला हुडहुडी भरायची, तीन तास हाडं खिळखिळी करायची आणि घाम येऊन उतरायची. हे सगळ्या सुप्याला ठाऊक होतं. ठेकेदार त्यांच्या बऱ्या दिवसाचा हिशेब करूनच बँकेत येत.

"पण उद्या नाही आला तर?" ते म्हणाले. "खोटं मी बोलणार नाही. बरा असताना किल्ली टाकली तर ते मला काढतील, आणि त्यांचं बरोबर असेल."

"तुमच्या वाट्याच्या क्विनीनच्या गोळ्या तुम्ही आठ दिवस मला घालताय. येईल," तारा म्हणाली.

सकाळी उजाडताच बाबुरावांनी सही केली. हात अगदी स्थिर होता. नावाखाली त्यांनी हुद्दा लिहिला: एजंट, सुपा. कान्हूने कागद घडी करून मुंडाशात खोवला.

"रानातनं जातो. गाडीवाटंनं न्हाई. कुनी इचारलं तर?"

"दोन दिवसांची रजा दिलीय म्हणून सांग. शिपायाला रजा मी देऊ शकतो."

"व्हय. पन अक्काचं काय, साहेब? त्या सायबाच्या गाडीत घेनार न्हाईत आता."

"तू जा," बाबुराव म्हणाले.

बँक नऊला उघडायची. साडेआठला रामचंद्रराव टेबलासमोर येऊन बसले.

"कागद?"

"सही करून पाठवला."

रामचंद्ररावांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. लखोटा उचलून त्यांनी पुन्हा खिशात घातला. "मग मी बाराला निघतो. एकटा. तुमच्याविरुद्ध काय लिहायचं ते बेळगावात ठरेल. आजचा दिवस तुम्ही नोकरीत आहात. बाहेर अकरा ठेकेदार उभे आहेत, तिजोरी उघडा."

बाबुरावांनी तिजोरी उघडली. एक किल्ली वासूने फिरवली, एक त्यांनी. बरं वाटत असताना नाही म्हणायचा त्यांना हक्क नव्हता.

दहा वाजले. काही झालं नाही. बाबुराव चिठ्ठ्या तपासत होते, सह्या करत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा हिवाची वाट पाहत होते. सवादहा झाले. कपाळ थंड. चार ठेकेदार रक्कम घेऊन गेलेही. बाहेर छकडेवाला लखू बैलांना पाणी दाखवत होता. साडेदहाला आणखी दोघे गेले. आतल्या खोलीतून ताराचं कण्हणं ऐकू आलं, तेव्हा रामचंद्ररावांनीच मान खाली घातली. खिशातलं घड्याळ त्यांनी दोनदा पाहिलं. आज चुकलं, बाबुरावांच्या मनात आलं. इतके महिने एक दिवस चुकलं नाही, ते आज चुकलं.

अकराला पाच कमी असताना त्यांना पाठीच्या कण्यातून गार पाण्याची धार उतरल्यासारखं झालं. नखं निळी पडली. लेखणी टेबलावर पडली आणि शाई सांडली.

"वासू," दात आवळून ते म्हणाले, "तिजोरी लाव."

दोघांनी तिजोरी लावली. बाबुरावांना किल्ली भोकात घालायला तीनदा लागलं. मग ती त्यांनी रामचंद्ररावांपुढे धरली. 

"मी आजारी आहे. बदली माणूस नाही. जागेवर वरिष्ठ तुम्ही आहात. नियम बावीस. पोच लिहून द्या."

"हे ढोंग आहे," रामचंद्रराव उठून म्हणाले.

ओट्यावर खानापूरकडचे ठेकेदार उमाजी उभे होते. आवाज असा की नदीपार जावा. ते खिडकीत डोकावले.

"ढोंग? अवो सायेब, ह्यांचा ताप आमच्या घड्याळापरीस पक्का हाय. आज तासभर उशीर झाला म्हनून आमी बाहेर पैज लावत हुतो! ती किल्ली घ्या आन् तिजोरी उघडा. सागवान काय तुमची वाट बघत उभा ऱ्हातोय व्हय? आज रक्कम मिळाली न्हाई तर फुडच्या सालापास्नं आमी धारवाडच्या बँकेत जातो. चला रं सगळे, सायबास्नी इचारा!"

पाच ठेकेदार दारात जमले. रामचंद्ररावांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, बावीस नंबर वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. बदली माणूस येईपर्यंत ठाणं सोडू नये.

"बदली माणूस यायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं. आवाजातला गोडवा गेला होता. हे त्यांनी बाबुरावांना विचारलं की स्वतःला, ते समजलं नाही. बाबुरावांचे दात वाजत होते. त्यांना बोलता आलं नसतं.

रामचंद्ररावांनी पोच लिहिली, तारीख घातली, वेळ घातली, आणि किल्ली घेतली.

वासूने आणि उमाजी ठेकेदारांनी ताराला घोंगडीसकट उचलून बाहेर आणलं. रामचंद्रराव दारात आले.

"छकडा माझ्या कामाचा आहे. भाडं बँकेने दिलंय."

लखूने जू बैलांच्या मानेवर ठेवलं. "येन्याचं दिलंय, सायेब. जान्याचं अजून कुठं दिलंय? माजी बैलं आज घराकडं जानार. तुमी ऱ्हानार असशीला तर ऱ्हावा की. मोकळा जान्यापरीस मानसं नेतो."

उमाजी खो खो हसले. रामचंद्रराव हसले नाहीत, पण आडवेही आले नाहीत. त्यांच्या मुठीत किल्ली होती आणि मागे ठेकेदार खोळंबले होते. हुडहुडीतच छकड्यात चढता चढता बाबुराव थांबले.

"साहेब, मच्छरदाणी आतल्या खुंटीला आहे. एका कोपऱ्यात भोक आहे, ते बांधून घ्या."

रामचंद्ररावांनी मान हलवली. छकडा निघाला.

ऊन उतरलं तेव्हा ते लोंढ्यात पोचले. वाटेत बाबुरावांना घाम येऊन ताप उतरला होता. तारा मात्र जगलबेटनंतर हाकेला ओ देत नव्हती. रेल्वेच्या डॉक्टरांनी तिचे डोळे उघडून पाहिले, दंडात सुई टोचली आणि कंपाउंडरला गरम पाण्याच्या बाटल्या आणायला पिटाळलं.

"वाचेल ना?"

"आज आणलीत ते बरं केलंत. सकाळपर्यंत काही विचारू नका."

दवाखान्याबाहेर गोपाळ आणि कान्हू उभे होते. कागद गोपाळांच्या हातात होता.

"एजंट, सुपा," गोपाळांनी वाचलं. "बाबुराव, उद्या ते हे खोटं ठरवतील."

"सही केली तेव्हा खरं होतं. तुम्ही निघा. गाडी चुकवू नका."

गोपाळांना आणखी बोलायचं होतं, पण शिट्टी झाली. कान्हू त्यांच्या पेटीसोबत धावत गेला. बाबुराव बाकावर बसून राहिले. गाडीचा आवाज खिंडीत विरला, स्टेशनात दिवे लागले, आणि मग कंपाउंडरने त्यांना आत बोलावलं.

ताराचे डोळे उघडे होते. ओठ फुटले होते. तो आवाज ऐकायला त्यांना खूप जवळ वाकावं लागलं.

"किल्ली दिलीत?"

"दिली."

"पोच घेतलीत?"

त्यांनी खिशातून पोच काढली. घामाने ओली झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं. तिने ती उघडायला लावली, वेळ कुठे घातलीय ते बोटाने दाखवायला लावलं.

"जपून ठेवा," ती म्हणाली. "हीच दाखवावी लागेल त्यांना."

मग तिने पाणी मागितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.