कमलाकररावांच्या नावाआधी

आन्केला कुणाचाही आवाज काढता यायचा, आणि त्यावरच तिचं पोट होतं. लायपझिगला ती कॅबरे करायची. कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिसं लावून नाचणाऱ्या बाया येतात, पण तिकडे तसलं काही नसतं. एकटा माणूस पियानोपाशी उभा राहून मंत्र्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची टर उडवतो. शिवाय मुलांच्या एका कार्टूनमधल्या चिडक्या खारीला तिने इतकी वर्षं आवाज दिला होता, की तिने बेकरीत पाव मागितला तरी पोरं वळून बघायची. मग ती माधवशी लग्न करून एडिनबराला आली, तिकडे खारीचा आवाज मशीन काढायला लागलं, आणि पन्नाशीत बाईंवर घरी बसायची वेळ आली.

पण घरी बसणाऱ्यातली ती नव्हे. ऑगस्टमध्ये फ्रिंज हा नाटकांचा उत्सव भरला की एडिनबरात ज्याच्याकडे तळघर तो थिएटरमालक होतो. अशाच एका पबच्या तळघरात तिने इंग्रजीतून एकटीचा कार्यक्रम लावला. जर्मन राजकारणावरच्या विनोदांना लोक सभ्यपणे खोकायचे. हशा मिळायचा तो एकाच नकलेला, सासूबाईंच्या.

सासूबाई म्हणजे सुप्रभाताई. सासरे डॉक्टर कमलाकर गेल्यापासून लंडनमधल्या पिनरला एकट्याच राहायच्या. गेल्या संक्रांतीला शेजारच्या स्वातीकडे हळदीकुंकू होतं. बाहेर बायका एकीवर एक उखाणे घेत होत्या आणि सुप्रभाताई आत कॉफी गाळत उभ्या होत्या. नवरा गेलेल्या बाईला कुणी नाव घ्यायचा आग्रह करत नाही. तिला कुणी आत जा म्हणतं असंही नाही. तिलाच कॉफी बघायला जावंसं वाटतं, आणि कुणी अडवत नाही. आन्के मराठी बोलायला शिकली होती, पण ही रीत तिला कुठून ठाऊक असणार! तिने आत जाऊन सरळ विचारलं, "आई, तुम्ही नाव नाही घेतलं?"

"मला कोण विचारतंय आता?"

"मी विचारते ना."

सुप्रभाताईंनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "पिनरच्या थंडीत मोगरा काही फुलेना..." मग त्या थांबल्या. गाळणं खाली ठेवून त्यांनी पुरं केलं, "कमलाकररावांवाचून चहा गोड लागेना." पदराने डोळे टिपत त्या हसल्या. "हे गेल्यापासून पहिल्यांदाच घेतलं हं. माधवलासुद्धा ठाऊक नाही हा उखाणा."

आन्केने ते मनापासून ऐकलं होतं, खोटं कशाला बोला? पण तिचं ऐकणं धंद्याचं. इतरांना शब्द आठवतात, हिला श्वास आठवायचे. ऑगस्टमध्ये कार्यक्रमाला शेवट सापडेना, तेव्हा ओळीत नवऱ्याचं नाव गुंफायची रीत लोकांना सांगून तो उखाणा तिने इंग्रजीत उचलला, त्या थांबण्यासकट. पहिल्या दिवशी माधव बघायला आला होता. आईचा आवाज आणि बाबांचं नाव ऐकून त्याला भरून आलं. लोकांना मात्र ते थांबणं कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी आन्केने तिथे एक भुवई वर केली आणि नाव शोधत असल्यासारखं छताकडे पाहिलं. म्हातारी नवऱ्याचंच नाव विसरली! तळघर हशाने दणाणलं. त्या दिवसापासून भुवई पक्की झाली.

शनिवारी रेडिओची एक बाई येणार होती. तिला आवडलं तर आन्केला दर आठवड्याचा कार्यक्रम मिळणार होता, आणि खारीनंतर एवढी मोठी संधी पुन्हा आली नव्हती. त्याच शनिवारी माधवने हौसेने आईला लंडनहून बोलावून घेतलं. नक्कल बघून आईला किती बरं वाटेल, असं त्या भोळ्याला वाटत होतं. बायकोलाही त्याने काही सांगितलं नाही, सरप्राइज!

नकलेच्या आधी दिवे जरा वाढले आणि आन्केला पहिल्या रांगेत साडीवर घातलेला सासूबाईंचा जांभळा कार्डिगन दिसला. ती नक्कल गाळू शकली असती. निदान भुवई तरी. पण तिसऱ्या रांगेत रेडिओवाली पेन सरसावून बसली होती. माफी उद्याही मागता येईल, आन्केने मनाशी म्हटलं, रेडिओ उद्या येणार नाही.

सुप्रभाताई आधी खूप हसल्या. स्वतःचं बोलणं ऐकून त्यांनी माधवला कोपरही मारलं. मग पहिली ओळ झाली, आन्के थांबली, भुवई वर गेली. सगळं तळघर हसलं, फक्त सुप्रभाताईंचं हसू मावळलं.

बाहेर रेडिओवालीने आन्केचा हात घट्ट धरला. "नाव विसरते ती जागा! तेवढ्यासाठीच मी तुम्हाला घेणार." सुप्रभाताई शेजारीच उभ्या होत्या. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज अगदी माझा काढलास गं." मग जरा चाचरत विचारलं, "लोकांना वाटलं का, की मी ह्यांचं नाव विसरले?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. दुनियेचे आवाज काढणारी ती बाई स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाली, "आई, चुकलं माझं."

"अगं, तुझं कामच आहे ते," सुप्रभाताई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने तिला आणखीच लाज वाटली.

आन्केने ती नक्कल काढून टाकली. रेडिओवालीला नाही म्हणून कळवलं. राहिलेले दिवस लोक नुसते खोकले. माधव म्हणाला, झालं गेलं गंगेला मिळालं, आणि आन्केलाही तसं वाटायला लागलं होतं.

दिवाळीला दोघं पिनरला गेली. सुप्रभाताई चकल्या तळत होत्या, आन्के शेजारी उभी राहून सोऱ्याने पाडून देत होती. एरवी याच ओट्यापाशी सुप्रभाताईंच्या तोंडाला खळ नसायचा. पोस्टमन, गुडघा, कौन्सिलने न उचललेले कचऱ्याचे डबे. आज त्या मोजकं बोलत होत्या, नीट, एकेक शब्द पारखून. आन्केच्या कानाला ते लगेच कळलं.

"ह्यांना ना चकली..." त्यांनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. थांबणं तेच होतं. आन्केने मान खाली घातली.

सुप्रभाताई तिच्याकडे वळल्या. आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्यांनी खरोखरच विचारलं, "स्टेजवर नाही ना घेणार?"

"नाही, आई."

त्यांनी झाऱ्याने एक चकली उलटली, मग दुसरी.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "मीठ जरा कमी पडलंय, एवढंच."