ऑर्डरवर पाणी

"फळी काढ, सरोजा."

माझा दीर सतीशकुमार कंबरेवर हात ठेवून उभा होता. आमची कामगार सरोजा मोरीच्या फळीवरच ठाण मांडून बसलेली. फळीमागे दिवसभराचं लाल रंगपाणी तुंबलेलं, पुढे कालवा. कालव्यात खालच्या आळीतली माणसं अंघोळीला उतरतात.

तंजावूरच्या आमच्या रेशीम रंगवण्याच्या कारखान्यात नियम मीच घातला होता. रंगपाणी चुन्याच्या खड्ड्यात वाहून न्यायचं, त्या वेळाचीही मजुरी द्यायची, आणि ते कालव्यात सोडायला जो नाही म्हणेल त्याला कामावरून काढायचं नाही. पण बाजार खुला झाला, मद्रासहून मोठ्या ऑर्डरी येऊ लागल्या. आज खड्डा काठोकाठ होता. मोरी मोकळी झाल्याशिवाय उरलेलं रेशीम धुता येत नव्हतं, आणि दारात लॉरी घरघरत होती.

"वहिनी, सांगा हिला. नाहीतर उद्यापासून हिनं येऊ नये."

"नियम आहे, सतीशा."

"नियम देवघरात ठेवा. मद्रासचे शेठ तुमच्या शुक्रवारच्या उपासाला थांबत नाहीत. उद्या पापनाशमच्या रंगवाल्याकडे जातील."

"अक्का म्हणाल्या तर उठते," सरोजा तमिळमध्ये म्हणाली. नजर माझ्यावर.

मी डोळे मिटले, उघडले. "ऑर्डरवर पाणी सोडलं मी."

माझा आवाज बारीक, त्यात लॉरीची घरघर. सरोजाला आमचं घरचं मराठी अर्धंच कळे. तिनं तेवढंच उचललं: ऑर्डर, पाणी सोड. तिचा चेहरा उतरला.

"तुम्हीसुद्धा, अक्का?"

ती उठली आणि तिनं फळी उपसली.

"वेण्डाम! नको!" मी धावले. फळी हिसकून खाचेत दाबेपर्यंत लुगडं गुडघ्यापर्यंत लाल झालं. कालव्यात लाल पट्टा लांबत चालला होता.

"ऑर्डर नको म्हटलं गं मी!" आता मी तमिळमध्ये ओरडले. "'पाणी सोड' असं नाही म्हटलं!"

"मग नीट सांगायचं ना, अक्का!" सरोजा रडकुंडीला आली होती.

"घाटावर पळ. सगळ्यांना बाहेर काढ. पाणी आमचंच आहे म्हणून सांग."

ती पळाली.

"आणि लॉरीवाल्याला?" सतीशकुमार म्हणाला. "मी तोंड दाखवणार नाही."

"मी जाते."

ओल्या लुगड्यानंच मी दारापर्यंत गेले. ड्रायव्हर खिडकीतून वाकला.

"किती वेळ, अम्मा?"

"आज माल नाही," मी म्हणाले. "इंजिन बंद कर."