आळशी पोरीची पाठ

सुताराची थोरली लेक शिलाईच्या कारखान्यात शर्टांना कॉलर जोडायची. रोज सकाळी तिची पाठ फळीसारखी आखडलेली असायची. कुशीवर वळून, भिंतीला धरून कशीबशी उठायची. पण जरा हिंडली-फिरली, कामाला लागली की दुखणं ओसरायचं. तिथेच तिचा घात झाला.

"काम केलं की बरं वाटतं? मग हे दुखणं नव्हे, आळस आहे," बाप म्हणायचा. "भावाकडे बघ. अख्खं दार एकटा खांद्यावर घेतो."

भाऊ तिला 'महाराणी' म्हणायचा. आई अंगावरचं पांघरूण ओढायची. एका डॉक्टरने गोळ्या दिल्या, दुसऱ्याने लग्न करायचा सल्ला दिला. ती दात-ओठ खात राहिली.

मग एकदा तिचा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं, "सकाळी पाठ आखडते का हो?" ती ढसाढसा रडली. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. रक्त तपासून, मणक्याचे फोटो बघून ते म्हणाले, "रोगांशी लढणाऱ्या यंत्रणेतलं एचएलए-बी२७ नावाचं जनुक तुमच्यात आहे. ते असलेल्या बहुतेकांना काही होत नाही. काहींची मात्र ही यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर, कधी डोळ्यांवरही उलटते. मणक्यांना सूज येते, हाडं एकमेकांना चिकटत जातात. घरात कुणाची पाठ वाकलीय?"

ती तडक बापाच्या कारखान्यात गेली. बाप कमरेत वाकलेला, नजर कायम जमिनीवर. रंधा मारून मारून वाकला, असं लोक कौतुकाने सांगायचे.

"बाबा, तुमची पाठ सकाळी आखडायची?"

"आखडायची की. तुझ्या वयापासून."

"आणि कामाला लागलात की?"

"मोकळी व्हायची."

"मग मला आळशी का म्हणालात?" ती इतक्या जोरात ओरडली की भावाने करवत बंद केली.

बापाने वर बघायचा प्रयत्न केला. मान उठेना. "मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. सगळे उठतात, मीही उठायचो. तू कुरकुर करायचीस, म्हणून..."

"सगळ्यांचं नसतं!" तिने फळ्यांच्या ढिगाला लाथ घातली.

"अगं, शांत हो," भाऊ म्हणाला.

"तू तोंड उघडू नकोस! हेच जनुक तुझ्यातही असेल, आणि तरी तू जन्मभर ठणठणीत राहशील. त्यात तुझी मर्दुमकी काय? नशीब आहे नुसतं!"

इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांनी एका सकाळी ती सहज उठून बसली. भिंत नाही, कण्हणं नाही. आनंद व्हायच्या आधी तिचं डोकंच फिरलं. एवढं सोपं असतं हे? एवढ्या सहज उठणारी माणसं तिला आळशी म्हणत होती?

त्याच दिवशी तिने बापाला डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्याचे मणके जुळून एकच कांब झाली होती. दुखणं कमी करता येईल, पाठ सरळ होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "तुला माझा राग आला असेल."

"आलाय. अजून आहे."

"असू दे," तो म्हणाला.

जिना उतरताना त्याला पुढचं दिसत नव्हतं. तिने त्याचा दंड धरला, जरा जोरातच.