लाओ छ्यूचा हात

“बाई, आता सातवा. माणूस की यंत्र, एवढंच सांगायचं,” शुन म्हणाला आणि न विचारता त्याने आवाज वाढवला. माझे कान म्हातारे झाले असले तरी बहिरे नाहीत, हे या पोरांना कोण सांगणार!

फोन फाटकावर जमा करून, तीन कागदांवर सह्या ठोकून मी सकाळपासून संस्थेच्या बिनखिडकीच्या खोलीत बसले होते. एकतीस वर्षं मी इथे बिनतारी संदेश ऐकण्याची नोकरी केली. ठिपके आणि रेघा सगळ्यांच्या सारख्याच, पण त्या वाजवणारा हात ज्याचा त्याचा. भाजी एकच असली तरी चव हाताची, तसंच. त्या हातावरून आम्ही सीमेपलीकडची माणसं ओळखायचो, आणि तीही आम्हाला ओळखत असणार. शुनच्या तुकडीने आता हात शिकणारं यंत्र केलं होतं. लढाईत बाकी सगळं जाम झालं की ते रिकाम्या डोंगरावरून संदेश पाठवेल आणि ऐकणाऱ्याला वाटेल, तिथे माणूस आहे, त्याच्यामागे पलटण आहे. ते कुठे फसतं हे सांगायला मला निवृत्तीतून बोलावलं होतं. पहिले सहा संदेश मी पटापट ओळखले.

सातवा सुरू झाला. तिसरी रेघ किंचित रेंगाळत होती. हा लाओ छ्यू, माझा नवरा. पठारावरच्या ठाण्यात थंडीने त्याचं बोट बधिर झालं, तेव्हापासून त्याची तिसरी रेघ अशीच लांबायची. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. आणि तो मला आजची तारीख सांगत होता, आज सकाळचं धुकं, आजचा वारा. संदेश संपला, आणि थोडं थांबून एक जास्तीचा ठिपका वाजला.

तो ठिपका माझा होता. लाओ छ्यू शिकाऊंसाठी सरावाचे संदेश पाठवायचा आणि पलीकडच्या इमारतीत मी ते तपासायला बसायचे. कामावर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, असा नियम. म्हणून शेवटी हा ठिपका: तू आहेस ना?

“यंत्र,” मी म्हटलं. “या माणसाच्या अस्थी मी स्वतः घरी आणल्या आहेत.”

शुन ओशाळला. छ्यूसाहेबांच्या संदेशांच्या ध्वनिफिती सर्वांत जास्त शिल्लक होत्या म्हणून यंत्राला त्याच दिल्या, आज चाचणी झाली की नियमाप्रमाणे त्या जाळायच्या, असं त्याने सांगितलं. मग एक जुनी फाइल पुढे सरकवली. आत लाओ छ्यूच्या अक्षरातली तीन कबुलीपत्रं होती. ‘बोट खराब असल्याने संदेशाअंती जादा ठिपका वाजतो. माझा निष्काळजीपणा. सुधारेन.’ प्रत्येक पत्र त्याला सगळ्यांसमोर उभं राहून वाचावं लागलं होतं. दोनदा बढती हुकली. मी घरी भांडभांड भांडले, तर हा मिरच्या चिरत हसत बसला. चौथ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

“बाई, फाइलीत ही चूक म्हणून नोंद आहे,” शुन म्हणाला. “पण चूक इतकी नेमकी नसते हो. सवय असेल तर ठेवतो, छ्यूसाहेबांच्या नावापुढे तसं लिहितोही. चूक असेल तर काढून टाकतो. तुम्हीच सांगा.”

खरं सांगितलं असतं तर नवऱ्याच्या नावावरचा डाग पुसला गेला असता. पण मग तो ठिपका कुठल्याशा ओसाड डोंगरावरून परक्यांना फसवत वाजत राहिला असता. तिथे कोणीही नसताना, रोज, तू आहेस ना, तू आहेस ना. मला ते सोसलं नसतं.

“चूकच आहे,” मी म्हटलं. “बोट खराब होतं त्याचं. काढून टाक.”

त्याने काढला. सही करण्याआधी संदेश पुन्हा ऐकावा लागतो. तोच हात, तीच रेंगाळलेली रेघ. संदेश संपला. शुनने कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

“थांब जरा,” मी म्हटलं.

“संपलाय, बाई.”

“माहीत आहे,” मी म्हटलं, आणि ऐकत बसले.