बिघाड गाडीत की बाईत

"टाकीच्या झाकनाला हात लावू नका, गनीभाई," मालनबाई म्हणाल्या आणि गनीभाईंचा हात पिकअपच्या डिझेल टाकीपाशी हवेतच राहिला.

नागापूरला गनीभाईंचं गॅरेज आहे. चाळीस वर्षांत तिथं त्यांना 'हात लावू नका' असं कुणी म्हटलं नव्हतं. हा माणूस असा, की एकदा पारनेरहून कुणीतरी फोनवर नुसता जीपचा आवाज ऐकवला, तर म्हणाला, एक नोझल गेलंय आणि ड्रायव्हरचं सकाळी बायकोशी वाजलंय. दोन्ही खरं निघालं. यातलं निम्मं मी पदरचं घातलंय. कुठलं निम्मं, ते विचारू नका.

"भाभी, वास घेतल्याबिगर डिझेलचं कळायचं कसं?"

"तुमी चौथे. आदीच्या तिघांनी आल्या आल्या झाकन काढलं, वास घेतला, फिल्टर बदलला, एक चक्कर मारली अन् सांगितलं, गाडी झकास हाय, बाईचा पाय बरोबर पडत न्हाई. गावाकडं निघालं की चढाला परत मिसिंग."

मिसिंग म्हणजे पायानं दाबावं तर गाडी क्षणभर गप्प, मग एक हिसका, मग पुन्हा गप्प. कर्ज मागायला आलेल्या जावयाशी बोलणाऱ्या सासऱ्यासारखी.

"आई, चाचांना त्यांचं काम करू दे की," मागून ओंकार म्हणाला. हा त्यांचा थोरला. त्यानं ठरवूनच टाकलं होतं. आईची साठी उलटली, पायात जोर उरला नाही, तेव्हा सोमवारपासून वाल्मिक ड्रायव्हर पिकअप चालवणार. तो दिवस शनिवारचा होता.

मालनबाईंचे मालक श्रीमंतभाऊ नऊ वर्षांपूर्वी वारले. पिकअप गोठ्याशेजारी महिनाभर उभी होती. मग एका पहाटे गावानं ती चालू झाल्याचा आवाज ऐकला. हिवरे बाजारच्या अलीकडं आमचं गाव. तिथून दुधाचे कॅन घेऊन मालनबाई केंद्रावर निघाल्या, तेव्हा बघायला एवढी गर्दी जमली की तेवढ्यात ग्रामसभा उरकून घेता आली असती. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. ओढ्याला पाणी आलं तेव्हा त्यांनी गाडी अशी पार केली, की कॅनमधली सायसुद्धा मोडली नाही. ओढ्याला पाणी आलं होतं, एवढं नक्की.

"तुमचं म्हननं काय?" गनीभाईंनी विचारलं.

"झाकन उघडलं की ती धा-पंधरा किलोमीटर नीट पळती. का, ते मला म्हाईत न्हाई. पन पळती. म्हनून आज उघडायचं न्हाई. तुमी संगं बसा."

पुढं त्या, मध्ये गनीभाई, कडेला मी. मी नागापूरला चष्म्याची दांडी बसवायला गेलो होतो आणि फुकटात परतत होतो. मागं हौद्यात रिकाम्या कॅनांच्या मधे ओंकार. कॅन सारखे वाजत होते.

गनीभाई रस्त्याकडं बघतच नव्हते. सगळी वाट ते मालनबाईंच्या पायाकडं बघत होते. मला वाटलं, संपलं, पायाला दोष देणारे हे आता चौथे. गावाआधीचा चढ लागला. मालनबाईंनी गिअर खाली घेतला, पाय दाबला. गाडी गप्प. हिसका. पुन्हा गप्प. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागला. त्यांनी गाडी शांतपणे कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, उतरा अन् चाकाला दगड लावा. फुकट बसलाय."

"पाय लोन्यासारखा हाय," गनीभाई स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"आता काढा झाकन."

गनीभाईंनी झाकण फिरवलं. टाकीनं हुस्स करून एवढा मोठा श्वास आत ओढला, की माझी टोपी आत जाते की काय असं मला वाटलं. त्यांनी झाकण उलटं केलं. आत जुन्या ट्यूबचा गोल तुकडा बसवलेला होता, नाण्यासारखा सुबक.

"डिझेल सरंल तशी टाकीत हवा जाया पायजे," गनीभाई म्हणाले. "त्याच्यासाठी झाकनाला बारीक भोक अस्तंय. ते ह्या रबरानं बुजलं. हवा न्हाई म्हनून टाकी डिझेल सोडंना. अन् आमी चार वस्ताद पैलं झाकनच उघडत हुतो, म्हंजी हवा आत अन् गाडी बरी. कुनी घातलं हे?"

ओंकार खाली उतरून चाकापाशी उभा होता. कानापर्यंत लाल. वळणावर डिझेल सांडतं म्हणून दिवाळीत त्यानंच कात्रीनं तो तुकडा कापला होता. मला दाखवलाही होता, आणि मी वाहवा केली होती. मीही मग दगडाकडं बघायला लागलो.

मालनबाईंनी त्या रबराकडं पाहिलं. मग मुलाकडं.

"आमच्या मालकांनी घातलंय," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली."

रबरावर आखलेली खडूची रेघ अजून पांढरी होती. आयुष्यभर मी थापा मारत आलो, पण इतक्या सरळ चेहऱ्यानं, भर रस्त्यात, दिवसाउजेडी मारलेली थाप मी पाहिली नव्हती.

गनीभाईंनी अंगठ्यानं खडूची रेघ पुसून टाकली.

"व्हय. श्रीमंतभाऊचाच हात," ते म्हणाले. "वळखला मी." मग खिशातला टोच्या काढून त्यांनी ओंकारपुढं धरला. "मधी भोक पाड याला. कापलंय मात्र झकास."

ओंकारनं भोक पाडलं. तुकडा परत बसवला, झाकण लावलं, शर्टाला हात पुसले. मग चार पावलं लांब जाऊन त्यानं फोन लावला.

"वाल्मिक? सोमवारी नको येऊ. न्हाई, गाडी इकली न्हाई. डायवर हाय आमच्याकडं."

मालनबाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला होता आणि त्या परत गाडीत बसून, खिडकीतून हात बाहेर काढून मागून आलेल्या दुसऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला पुढं जायला सांगत होत्या. तो पुरता जाईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी गाडी चढाला लावली, आणि मागं बसलेल्या ओंकारनं वाजणारे दोन कॅन दोन्ही हातांनी धरून ठेवले.