भिंतीवरची मान

माझ्या बेस गिटारची किंमत ऐकून लोक आधी हसतात, मग मी हसत नाही हे पाहून गप्प होतात. तेवढ्या पैशांत जुनी गाडी येते, हे मलाही कळतं. मग गाडीच घ्या की! मी वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताचं माप घेऊन गिटारची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, कोरतो आणि सहा महिने भिंतीवर टांगून ठेवतो. लाकडाला वाकायचं असेल तर माझ्याकडे वाकावं, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. पैसे त्या थांबण्याचे.

एका रंगाऱ्यानं चार वर्षं भिंती रंगवून ते पैसे साठवले होते आणि सगळे आधीच मोजले. लांबसडक बोटं होती त्याची. तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा आला.

"काका, जरा लवकर नाही का होणार?"

"घाई असेल तर दुकानातली घे. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!"

तो हसला. टांगलेल्या मानेवरून बोट फिरवून निघून गेला. त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता, ते मला दिसलं होतं. मी विचारलं नाही.

गिटार तयार झाली तेव्हा पावती घेऊन त्याची आई आली.

"तो गेला हो. तीन आठवडे झाले. दुखणं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं." गिटारकडे बघत तिनं विचारलं, "भाऊ, एवढे पैसे कशाचे असतात यात?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं, ते मी गिळलं. "लाकूड चांगलं आहे," म्हणालो.

"मी शिवणकाम करते. कुणाची निकड असली की हातातलं बाजूला ठेवते. तुम्हाला बोलला नसेल तो."

"बोलला होता," मी म्हणालो, आणि त्याला काय सुनावलं तेही सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती गिटार मांडीवर घेतली. तिची बोटं मानेभोवती अचूक बसली. मुलानं हात आईचेच घेतले होते. तिनं जाड तार एकदा छेडली, थांबली, पुन्हा छेडली. मला तिच्याकडे बघवेना.

गिटार पिशवीत घालण्याआधी मी सवयीनं मानेला पट्टी लावली. केसभरही वाक नव्हता. तो घाई करायला आला होता, त्या दिवशीही मी पट्टी लावली होती. मान तेव्हाही इतकीच सरळ होती.